अप्राप्त लाभाचे मोल : द्यूतातील एका गणिताचा नैतिक विचार

योग आणि क्षेम हे दोन शब्द आपण नेहमी जोडीने उच्चारतो. जे प्राप्त नाही ते प्राप्त करून घेणे हा योग आणि जे प्राप्त आहे त्याचे रक्षण करणे हा क्षेम, असा त्यांचा भेद शास्त्रकारांनी सांगितला आहे. व्यवहारात मात्र या दोहोंचा झगडा अखंड चालू असतो. कारण योगासाठी बहुधा क्षेमातलेच काही बाहेर काढावे लागते. कणगीतून काढल्याशिवाय बी शेतात पडत नाही. म्हणून असा प्रश्न उत्पन्न होतो की, हातातील निश्चित द्रव्य टाकावयाचे ते पुढे येणाऱ्या किती अनिश्चित द्रव्याच्या भरवशावर? आणि त्या अनिश्चिताचे मोल ठरविणारी कोण, बुद्धी की वासना?

हा प्रश्न शेतकरी, व्यापारी, सावकार अशा सर्वांनाच पडतो. पण त्याचे सर्वांत उघडेवाघडे रूप पाहावयाचे असेल तर ते पोकर नावाच्या पत्त्यांच्या खेळात पाहावयास मिळते. या त्रैमासिकाच्या पानांवर अशा खेळाचे नाव वाचून काही वाचकांस आश्चर्य वाटेल. परंतु वैद्याला विषाचे गुणधर्म ठाऊक असावे लागतात, तसेच धर्मविचार करणाराला द्यूताचे अंतरंग ठाऊक असण्यात काही बाध नाही. शिवाय ज्या युक्तिवादाचा विचार येथे करावयाचा आहे तो आज आपल्या उपदेशी घरांतील तरुणांच्या तोंडी आलेला आहे. त्याला केवळ 'जुगार वाईट' एवढे म्हणून उत्तर देता येत नाही, कारण तो युक्तिवाद गणिताचा आधार घेऊन उभा आहे.

प्रथम खेळाचे स्वरूप थोडक्यात सांगतो. पोकरचे अनेक प्रकार आहेत. त्यांत 'टेक्सास होल्डेम' हा आज अधिक प्रचलित आहे. अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या विधिमंडळाने २००७ साली रॉब्सटाऊन हे गाव त्याचे जन्मस्थान असल्याचे मान्य केले. लास व्हेगास येथे १९७० पासून या खेळाची मोठी वार्षिक स्पर्धा भरू लागली आणि तेथून तो जगभर पसरला. प्रत्येक खेळणाऱ्याला दोन पाने झाकून मिळतात. मग टेबलावर सर्वांसाठी प्रथम तीन, नंतर चौथे आणि शेवटी पाचवे पान उघडे मांडले जाते. आपली दोन आणि टेबलावरची पाच अशा सातांतून ज्याची पाच पाने श्रेष्ठ त्याची मधली रास, म्हणजे पॉट. पाने उघडण्याच्या प्रत्येक टप्प्यावर पैज लागते. समोरच्याने पैज लावली की तीन मार्ग उरतात : पाने टाकून डाव सोडणे, पैजेइतके पैसे घालून पुढे राहणे, किंवा पैज वाढविणे. यांतील दुसऱ्या मार्गाशीच आपल्याला कर्तव्य आहे. तेवढेच पैसे घालून पुढे राहणारा मनुष्य वस्तुतः काय विकत घेत असतो? तो पुढचे पान पाहण्याचा अधिकार विकत घेत असतो. त्या अधिकाराची किंमत समोरच्याने ठरविलेली असते; त्याचे मोल मात्र घेणाऱ्याने ठरवावयाचे असते.

आता एक उदाहरण घेऊ. टेबलावर चार पाने उघडी आहेत. एका खेळाडूच्या हातातील दोन आणि टेबलावरची दोन अशी चार पाने बदामाची आहेत. पाचवे बदाम आले तर एकाच रंगाची पाच पाने होऊन तो जिंकेल, न आले तर हरेल असे धरू. त्याने सहा पाने पाहिली आहेत. बावन्नांतून न पाहिलेली उरली शेचाळीस. त्यांत बदामे नऊ. म्हणजे शेचाळीस वेळा हाच प्रसंग आला तर सरासरीने नऊ वेळा लाभ आणि सदतीस वेळा हानी. मधल्या राशीत १०० डॉलर आहेत आणि समोरच्याने ५० ची पैज लावली, तेव्हा रास १५० ची झाली. पुढे राहावयाचे तर ५० घालावे लागतील. सदतीस वेळा ५० गेले म्हणजे १८५० गेले. नऊ वेळा १५० मिळाले म्हणजे १३५० आले. ५०० ची तूट राहिली. तेव्हा समोर दिसणाऱ्या राशीपुरता विचार केला तर पाने टाकून देणे हेच शहाणपणाचे.

येथपर्यंत सर्व गोष्टी प्रत्यक्ष आणि मोजण्याजोग्या आहेत. वाद येथून पुढे सुरू होतो. खेळाडू म्हणतो, 'बदाम आले तर डाव तेथेच संपत नाही. अजून एक पैज लागावयाची आहे. तेव्हा मी पैज लावीन आणि समोरचा ती देईल. ते पैसे आज राशीत दिसत नसले तरी माझ्या लाभात धरलेच पाहिजेत.' आणि हे म्हणणे तर्काला धरून आहे. पाचशेची तूट नऊ यशस्वी प्रसंगांवर वाटली तर प्रत्येकी सुमारे ५६ येतात. याचा अर्थ असा की, बदाम आल्यावर समोरच्याकडून सरासरीने ५६ डॉलर अधिक मिळणार असतील तर आज ५० घालणे योग्य. तितके मिळणार नसतील तर अयोग्य. या भावी मिळकतीला खेळाच्या शास्त्रात स्वतंत्र नाव आहे. डेव्हिड स्क्लान्स्की या अमेरिकन लेखकाने 'द थिअरी ऑफ पोकर' या १९८७ च्या ग्रंथात तिचे सविस्तर विवेचन केले आहे. मराठीत तिला 'गर्भित लाभ' म्हणू.

या गर्भित लाभाचे तत्त्वज्ञानदृष्ट्या वैशिष्ट्य कोणते, हे कळण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. फ्रान्समध्ये १६५४ साली पास्कल आणि फर्मा या दोन गणितज्ञांत एका प्रश्नावर पत्रव्यवहार झाला. तीन डाव जिंकणाराने पैजेची रक्कम न्यावयाची असा करार आहे. दोघांनी प्रत्येकी ३२ नाणी लावली. एकाचे दोन आणि दुसऱ्याचा एक डाव झाला असता खेळ मध्येच थांबवावा लागला. तर रक्कम कशी वाटावी? त्यांचे उत्तर ४८ आणि १६ असे आले. न खेळलेल्या डावाचे आज मोल करता येते, हे त्या पत्रव्यवहाराने दाखविले आणि संभाव्यतेच्या गणिताचा पाया घातला गेला. पण तेथे पणाची रक्कम ठरलेली होती. अज्ञात होते ते केवळ दैव. आणि दैवाच्या शक्यता मोजता येतात, कारण फाशाला स्वतःचा हेतू नसतो. पोकरमधला गर्भित लाभ असा नाही. पान कोणते येईल हा त्यातला सोपा भाग. आल्यावर समोरचा मनुष्य काय करील हा कठीण भाग. म्हणजे अज्ञाताची दोन निराळी स्थाने झाली, एक दैव आणि दुसरे परचित्त. पहिल्याचे गणित होते, दुसऱ्याचा केवळ अंदाज होतो. आणि गणिताच्या शेजारी बसविला की अंदाजही गणितासारखा दिसू लागतो. माझ्या मते सगळ्या भ्रमाचे मूळ या शेजारात आहे.

अंदाज म्हणजे केवळ लहर असेही नव्हे. जाणते खेळाडू त्यासाठी काही गोष्टी पाहतात. समोरच्यापुढे द्रव्य किती उरले आहे ही पहिली. टेबलावर जितके मांडले आहे तितकेच त्या डावात हरता येते, असा नियम असतो. त्याच्यापुढे ४० च उरले असतील तर ५६ मिळण्याची कथाच संपली. मग त्याच्या स्वभावाचा विचार करण्याचेही कारण नाही. आपले साधलेले हस्तगत त्याला कितपत दिसेल ही दुसरी. टेबलावर तिसरे बदाम उघडे पडले की आंधळ्यालाही संशय येतो. पैज लावताच तो पाने टाकून मोकळा होतो. उलट, हातातच जोडी असलेल्याला टेबलावर त्याच जातीचे तिसरे पान मिळाले तर ते कोणाच्या ध्यानात येत नाही. ते पहिल्या तीन पानांत येण्याचा संभव साडेसातास एक इतका कमी आहे खरा, पण आले तर मिळकत मोठी होते, कारण ते झाकलेले असते. तिसरी गोष्ट समोरच्याची प्रकृती. सोडून देणारा की 'पाहू तरी' म्हणून पैसे घालणारा. शेवटी बोलण्याची पाळी कोणाची, यावरही बरेच अवलंबून असते; पण त्याचा विस्तार येथे नको.

नैयायिकांच्या भाषेत सांगावयाचे तर हे अनुमान आहे, आणि अनुमानाला व्याप्ती हवी. 'हा मनुष्य अशा वेळी पैसे देतो' ही व्याप्ती किती वेळा पाहून ठरविली? दोनदा पाहिले असेल तर ती व्याप्ती नव्हे, आठवण आहे. आणि समजा त्याने दोन प्रसंगांत एकदाच पैसे दिले, तर शंभराची पैज लावूनही सरासरी प्राप्ती पन्नासच होते. छपन्न होत नाही. खेळाडू मात्र मनात शंभर धरून चालतो, कारण देणारा प्रसंग डोळ्यांपुढे येतो आणि न देणारा येत नाही.

याहून सूक्ष्म दोष दुसरा आहे. नऊ बदामांतले प्रत्येक बदाम जिंकवीलच असे आपण धरले होते. पण समोरच्याच्या हातीही बदामे असली आणि ती मोठी असली तर? एका पानाने आपला रंग पूर्ण व्हावा आणि त्याच पानाने त्याची त्याहून श्रेष्ठ रचना व्हावी, असेही घडते. अशा वेळी मनुष्य डाव सोडीत नाही, उलट अधिक घालतो आणि अधिक हरतो. समजा, नऊपैकी केवळ एकच बदाम असे घातकी आहे आणि त्या वेळी ५० शिवाय आणखी १०० जातात. आता हिशेब पुन्हा मांडू. सदतीस वेळा ५० म्हणजे १८५०, आणि एकदा १५०, मिळून २००० गेले. ते आठ प्रसंगांत भरून यावयाचे म्हणजे प्रत्येकी २५० हवेत. त्यांत १५० राशीचे, म्हणून गर्भित लाभ १०० हवा. छपन्नाचे शंभर झाले! नऊ पानांतील एक पान फिरताच गरज जवळजवळ दुप्पट झाली. या उलट्या बाजूलाही त्या शास्त्रात नाव आहे; ग्रंथकार तिचे प्रकरण लिहितात. टेबलाशी बसलेल्याला ते प्रकरण क्वचितच आठवते.

काही महिन्यांपूर्वी विदर्भातील एका वासनिक गृहस्थांचे पत्र आले. त्यांचा पदवीधर मुलगा भ्रमणध्वनीवर हा खेळ पैसे लावून खेळत असे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना मनाई करणारा कायदा संसदेने संमत केला, तेव्हा त्याचे खेळणे थांबले; पण तोवर कर्ज झाले होते. आता गोव्यास जाऊन तेथील कॅसिनोत ते भरून काढू, असे तो म्हणतो. पित्याने रागावून विचारले असता मुलाने वही पुढे ठेवली आणि म्हणाला, 'बाबा, हा जुगार नाही, हिशेब आहे. यातली चूक दाखवा.' पित्याला चूक दाखविता आली नाही. त्यांनी वहीची चार पाने पत्रासोबत पाठवून लिहिले होते, 'गणित बरोबर दिसते. मग मी त्याला कोणत्या तोंडाने अडवू?'

ती पाने मी लक्षपूर्वक पाहिली. बेरीज-वजाबाकी खरोखरच निर्दोष होती. प्रत्येक डावापुढे तीन रकाने होते. पहिल्यात घालावयाची रक्कम, दुसऱ्यात 'आवश्यक' भावी मिळकत, तिसऱ्यात 'अपेक्षित' भावी मिळकत. आणि ओळीमागून ओळ वाचताना असे दिसले की, अपेक्षित रक्कम आवश्यक रकमेपेक्षा दर वेळी थोडीशीच अधिक आहे. आवश्यक ५६ तर अपेक्षित ६०. आवश्यक १२० तर अपेक्षित १३०. आवश्यक ३०० तेथे ३२०. समोरची माणसे निरनिराळी, त्यांचे द्रव्य निरनिराळे, पाने निरनिराळी. पण त्यांचे भावी औदार्य मात्र या मुलाच्या गरजेला नेमके पुरून चार नाणी वर उरावे इतकेच! हे जगात घडत नाही. अंदाज स्वतंत्रपणे केला असता तर तो कधी गरजेच्या निम्मा निघाला असता, कधी तिप्पट. येथे आधी गरज काढली गेली आणि मग तिच्या मापाने अंदाज बेतला गेला. मुलगा खोटे लिहीत होता असे मी म्हणत नाही. खेळावयाचे हे ज्याने आधीच ठरविले आहे, त्याला उणी पडणारी रक्कम कोठून तरी आणावीच लागते. आणि भविष्यकाळासारखा न विचारता उसने देणारा सावकार दुसरा नाही.

पित्यास मी कळविले की, चूक गणितात नाही, क्रमात आहे. मुलाने पुढच्या वेळी तिसरा रकाना आधी भरून पाहावा. समोरच्यापुढे किती आहे, तो किती वेळा देतो, आपले साधूनही आपण किती वेळा हरतो, हे लिहून, त्यावर सही करून मगच दुसरा रकाना काढावा. यासाठी पैसे लावण्याची गरज नाही. जुन्याच डावांवर हे करून पाहता येईल. किती ओळी टिकतात हे त्याचे त्याला दिसेल. आणखी एक गोष्ट मी लिहिली. वहीत एके ठिकाणी 'आतापर्यंत माझे २०० गेले आहेत, म्हणून सोडता येत नाही' असा शेरा होता. त्याच खेळाचे शास्त्रकार सांगतात की, राशीत पडलेले द्रव्य घालणाऱ्याचे राहत नाही. ते कोणाचेच नसते. ते किती आहे एवढेच पाहावे, कोणाचे होते हे पाहू नये. गेलेल्यावरील ममत्व सुटल्याशिवाय येणाऱ्याचे मोल करता येत नाही, हे जुगाराच्या ग्रंथात वाचावयास मिळावे याची मला गंमत वाटली.

आता कोणी म्हणेल, 'हा दोष शेतकऱ्यातही आहे. पाऊस हुलकावणी देतो, पहिली पेरणी वाया जाते, आणि तो पुन्हा कर्ज काढून दुबार पेरणी करतो. त्याचाही भरवसा अप्राप्त लाभावरच ना? मग त्याला कष्टाळू म्हणावयाचे आणि याला जुगारी, हा न्याय कोणता?' ही शंका खोटी नाही, आणि तिला थातुरमातुर उत्तर देऊ नये. ज्ञानाचा दोष दोघांतही संभवतो. कर्जाचा आकडा आधी पाहून मग 'एकरी इतका कापूस येईल, इतका भाव मिळेल' असे म्हणणारा शेतकरी त्या मुलाच्या वहीतले तीनच रकाने भरीत असतो. आणि त्याचे परिणाम आपल्या विदर्भाने भोगलेले आहेत. परंतु दोन भेद आहेत. एक असा की, पोकर खेळणाराला प्रत्येक टप्प्यावर पाने टाकून उठता येते. उठला तर उपाशी राहत नाही. शेतकऱ्याला ती मोकळीक कोठे आहे? रान पडीक ठेवणे हे त्याच्यासाठी पान टाकणे नसून वर्ष टाकणे आहे. त्याच्या दुबार पेरणीला जुगार म्हणणारे बहुधा पगारी लोक असतात.

दुसरा भेद अधिक महत्त्वाचा. शेतकऱ्याचा लाभ कोणाच्या चुकीतून येत नाही. त्याच्या शेतात पडलेला पाऊस शेजाऱ्याच्याही शेतात पडतो. दोघांचे पीक एकाच वर्षी चांगले येऊ शकते. बोंड फुटते ते दुसऱ्याचे नुकसान झाल्यामुळे नव्हे. गर्भित लाभाची गोष्ट उलट आहे. थोडा विचार केला तर दिसेल की, बदाम आल्यावर समोरच्याने जे ५६ डॉलर द्यावयाचे, ते त्याने द्यावयास नको असतात. त्याला खरी स्थिती कळली असती तर त्याने एक पैसाही दिला नसता. म्हणजे गर्भित लाभ या गोंडस नावाखाली ज्याची मोजदाद चालते तो समोरच्याचा प्रमाद आहे. आणि 'माझा अंदाज बरोबर ठरावा' या इच्छेचा अर्थ 'त्याचे अज्ञान टिकावे' असा आहे. हा खेळ नाण्याएवढा नाणे देणारा असता तरी एकाचे मिळणे ते दुसऱ्याचे जाणेच असते. कॅसिनोत तर खेळविणारा राशीतून आपला वाटा काढून घेतो, तेव्हा सर्वांचे मिळून जाते ते अधिकच. म्हणून तरबेज खेळाडू चांगली पाने शोधीत नाही. पाने सर्वांना सारखीच येतात. तो कच्ची माणसे शोधतो.

येथे न्यायाने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. टेबलाशी बसलेले सर्वजण नियम जाणून, आपखुशीने बसलेले असतात. पाने झाकणे हा तेथे कपटाचा नव्हे, तर कराराचा भाग आहे. त्यामुळे खेळातले लपविणे आणि बाजारातली फसवणूक यांना एकच नाव देणे अन्यायाचे होईल. परंतु संमतीने अपराध सौम्य होतो, हेतू शुद्ध होत नाही. समोरच्याचे किती द्रव्य त्याच्या मोहामुळे आपल्याकडे येईल याचा अभ्यास नित्य करणाऱ्या चित्ताची घडण कशी होत जाईल, हा प्रश्न संमतीने सुटत नाही. अहिंसेचा विचार आपण काया, वाचा आणि मन अशा तिन्ही स्थानी करतो. तेव्हा तिसऱ्या स्थानाकडे डोळेझाक करता येणार नाही.

याच संदर्भात 'हा कौशल्याचा खेळ आहे' या बचावाचा विचार केला पाहिजे. कायद्याच्या दृष्टीने हा भेद खरोखरच महत्त्वाचा ठरला आहे. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यात निव्वळ कौशल्याच्या खेळांना वगळलेले आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ असल्याचे म्हटले. पोकरबद्दल मात्र निरनिराळ्या न्यायालयांचे मत एक झाले नाही. न्यायालयाने पाहावे ते न्यायालयाने पाहिले. नीतिविचारात कौशल्याने दोष उणा होतो हे गृहीत कशाला धरावे? हस्तिनापूरच्या सभेत कौशल्य होते ते शकुनीपाशी. युधिष्ठिर अकुशल होता आणि त्याचा दोष मोह हा होता. शकुनीचा दोष त्याहून भारी मानला गेला, आणि तो त्याच्या कौशल्यामुळेच. ऋग्वेदातील अक्षसूक्तात हरलेल्या जुगाऱ्याचा विलाप आहे आणि शेवटी त्याला फासे सोडून शेती करण्यास सांगितले आहे. त्या उपदेशात शेतीच का आली याचा उलगडा वरील भेदाने होतो, असे मला वाटते.

आपल्या वाङ्मयात द्यूताचा प्रसंग येतो तो सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या हरिपाळदेव या नावाने चाललेल्या क्रीडेत. लीळाचरित्र वाचणाऱ्यास तो ठाऊक आहे. द्यूतात हरणे झाले, देणे झाले, ते फेडण्यासाठी कमळाइसांपाशी अलंकार मागितले, त्यांनी ते दिले नाहीत. आणि त्यातून प्रपंचाविषयीची उदासीनता प्रकट होऊन पुढे रामयात्रेचे निमित्त झाले. या लीळेचे विवरण करताना आपण बहुधा संसारातील स्नेहाची अनित्यता सांगून थांबतो. प्रस्तुत प्रश्नाच्या प्रकाशात आणखी एक गोष्ट दिसते. अलंकार घरातच होते. ते अनिश्चित नव्हते. अनिश्चित होते ते देणाऱ्याचे चित्त. प्रपंचात मनुष्य ज्याला हक्काची ठेव समजून हिशेबात धरतो, ती दुसऱ्याच्या इच्छेत असते, आणि हे त्याला मागण्याच्या क्षणापर्यंत कळत नाही. ईश्वराला ते अज्ञात होते असे कोणी समजू नये. जीवांना ते दिसावे म्हणून ती लीळा. आणखी असे की, त्या लीळेत मागणी आहे ती देणे फेडण्यासाठी. हरलेले ते हरले आणि झाले ते देणे, एवढा स्पष्ट हिशेब. कर्ज फेडण्यासाठी गोव्यास निघालेल्या तरुणाने या दोन मागण्यांतील अंतर पाहावे. वडिलांकडे त्याने पैसे मागितले ते देणेकऱ्याच्या हातावर ठेवण्यासाठी नव्हे, टेबलावर मांडण्यासाठी.

द्यूतात हरलेला आणि पुढे जिंकलेला असा एकच राजा आपल्या परिचयाचा आहे, तो नळ. महाभारतातील त्याच्या आख्यानात मला सर्वांत विचार करण्याजोगा वाटतो तो फाशांचा प्रसंग नसून झाडाचा आहे. सारथी झालेल्या नळाच्या रथातून जाताना ऋतुपर्ण राजा एका बेहड्याच्या झाडाकडे पाहून त्याच्या पानांची आणि फळांची संख्या सांगतो. नळाला ते खरे वाटत नाही. घाई असतानाही तो रथ थांबवितो, खाली उतरतो, झाड पाडून मोजतो, संख्या जुळते. मग तो ऋतुपर्णाकडून फाशांची विद्या घेतो आणि मोबदल्यात अश्वविद्या देतो. अंदाज खरा की खोटा हे ठरविण्यासाठी उतरून मोजण्याची ही बुद्धी पुष्कराशी खेळताना नळापाशी नव्हती. ती आल्यावरच तो द्यूताला योग्य झाला, असे आख्यानकाराने दाखविले आहे. झाड मोजता आले, कारण झाड काही लपवीत नव्हते.

पुढे नळाने पुष्कराला पुन्हा खेळास बोलाविले आणि एका डावात सर्व परत मिळविले. पुष्कराचा प्राणही त्या वेळी पणाला लागलेला होता. नळाने तो घेतला नाही. पूर्वी जे घडले ते पुष्कराच्या सामर्थ्याने नव्हे, कलीमुळे घडले, असे त्याला सांगून, त्याचा वाटा त्याला परत देऊन, भाऊ म्हणून आलिंगन देऊन त्याने त्याला त्याच्या नगरास पाठविले.